खरखर इंजिनाचीच आहे

१ डिसेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी नियमित. विमान बांधणाऱ्या माणसाने नोंद ठेवली पाहिजे. पुढे लोक विचारतील.

कॉकपिट पूर्ण. आमच्या विमानातलं माझ्या वाटणीचं काम संपलं. चनबसप्पाच्या वाटणीचंही (सांगाडा, पंख, चाकं, इंजिन, कापड, रंग) जवळजवळ झालंय. दोघांनी निम्मं-निम्मं केलं असं म्हणता येईल.

चनबसप्पा माझा शाळेपासूनचा मित्र. अक्कलकोट रोडला त्याचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप आहे, त्याच शेडमध्ये विमान उभं आहे. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. म्हणून कॉकपिट माझं. त्याला तीन घड्याळं पुरेशी वाटत होती: वेग, उंची, इंजिनाची गरमी. मी टॅब्लेट बसवला, दोन स्क्रीन बसवले, कॅमेरा बसवला, निळी एलईडी पट्टी लावली. पट्टी बघून म्हणाला, गुर्‍या, ही काय लग्नाची बस हाय का? पण खूश होता. मला कळतं.

संध्याकाळी इंजिन चालू केलं, मग पॅनेल. वॉकीटॉकीवर नुसतं खर्रर्र. तो विमानात बसून काहीतरी बोलत होता, मला शेडच्या दारात एक शब्द ऐकू येईना. मी जागच्या जागी निदान केलं: इंजिनाची इग्निशन. स्पार्क उडतो म्हणजेच रेडिओ लहरी उडतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवतोय. चनबसप्पाने डोकं खाजवलं. आसंल, तू म्हणतोस म्हंजे आसंल, म्हणाला.

संकल्प: रोज पहाटे चालायला जाणे. संध्याकाळी भजी बंद.

५ डिसेंबर

चनबसप्पाने प्लग बदलले. प्लगच्या टोप्या बदलल्या. खरखर तशीच.

मी म्हटलं, वायरींना जाळीचं आवरण घाल. नियमही करून दिला: आधी इंजिन, नंतरच पॅनेल. इंजिन सुरू होताना झटका बसून नाजूक उपकरणं जळू शकतात. मोठ्या विमानातही असंच करतात. त्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवलं.

चालायला गेलो नाही. थंडी.

९ डिसेंबर

आवरण घातलं. खरखर तशीच. उलट आता नीट ऐकू येते.

सायलेन्सर गरम असताना वायर ओढायला गेला आणि त्याचा तळहात भाजला. मी म्हटलं, घाई कशाला करतोस? तो म्हणाला, इंजिन माझं, खरखर माझी. मलाच काढाय पायजे की. त्याच्या बायकोने कोरफड लावली. मी शेजारी उभा राहून टॅब्लेटवर नकाशा उघडून बघत होतो. नकाशा सुंदर दिसतो.

१५ डिसेंबर, रविवार

आज माळावर पहिलं पळवणं होतं. उडवायचं नाही, परवानगीचे कागद अजून चालू आहेत. नुसतं जमिनीवर पळवायचं. चनबसप्पाच्या शेताला लागून सरळ कडक माळ आहे. पंख काढून ट्रॉलीवरून नेलं, तिथे जोडलं.

त्याचे वडील ईरप्पा आले होते. वय झालंय, काठी लागते. गावाहून जीपने आले. पांढरा फेटा, इस्त्रीचा सदरा. खुर्ची टाकून दिली तर म्हणाले, मी उभाच र्‍हातो, बसल्यावर दिसायचं न्हाय.

इंजिन लागलं. पॅनेल लागलं. खर्रर्र. मी हात वर करून थांबवलं. जमिनीवरच्या माणसाचं पायलटला ऐकू येत नसेल तर पळवायचं नाही, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. चनबसप्पा म्हणाला, थोडंसं पळवू, आप्पा आल्यात. मी ठाम राहिलो. इग्निशनचा बंदोबस्त झाल्याशिवाय नाही म्हटलं. ठाम राहणं माझ्याकडून सहसा होत नाही, त्यामुळे बरं वाटलं.

ईरप्पा पोराच्या खांद्यावर हात ठेवून कानडीत म्हणाले, इरली बिडु. असू दे, सोड. मग म्हणाले, एंजिनाचं काम तुला जमत न्हाय वाटतं. रागाने नाही, समजुतीने. चनबसप्पा खाली बघून हो म्हणाला.

 परत येताना ट्रॉलीवर मी थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला.

१८ डिसेंबर

आज एक गोष्ट झाली. तिचा विमानाशी काही संबंध नाही, पण नोंद म्हणून.

सकाळी बायको रुपालीला भवानी पेठेत तिच्या बहिणीकडे सोडायला निघालो. गाडीत एफएम चालू होतं. मी फोन चार्जिंगला लावला. एफएमवर खर्रर्र. रुपाली म्हणाली, अहो, ते तुमचं चार्जर काढा बघू, ते लावलं की रेडिओ बोंबलतो. मी काढलं. गाणं स्वच्छ. लावलं. खर्रर्र.

हे चार्जर मी स्टेशनबाहेरच्या हातगाडीवरून घेतलं होतं. दोन घेतली होती. एक गाडीत आहे.

दुसरं टॅब्लेटला वीज देण्यासाठी पॅनेलच्या मागे बसवलंय. चनबसप्पाला मी ते खास विमानासाठीचं आहे असं सांगितलं होतं, कारण तो हातगाडीचं म्हटल्यावर उगाच काळजी करतो.

अर्थात गाडी वेगळी, विमान वेगळं. एफएम वेगळं, वॉकीटॉकी वेगळी. शास्त्रीयदृष्ट्या एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

भजी खाल्ली. बहिणीने आग्रह केला.

१९ डिसेंबर

वर्गात आज नेमका व्यत्यय आणि त्यावरचे उपाय हा धडा होता. एका मुलीने विचारलं, सर, स्वस्त चार्जरमुळे पण येतो का? मी म्हटलं, तो भाग परीक्षेला नाही.

२२ डिसेंबर

ठरलं. चनबसप्पाला सांगायचं. सरळ, दोन वाक्यांत. चनबसप्पा, खरखर तुझ्या इंजिनाची नाही. माझ्या चार्जरची आहे.

शेडवर गेलो तर त्याने इंजिनाचं झाकण काढून ठेवलं होतं. पट्टी बांधलेल्या हाताने पाने फिरवत होता. म्हणाला, बरं झालं आलास, आता इग्निशनचा डबाच बदलतो, पुण्याहून मागवलाय. डबा आलाच आहे म्हटल्यावर मला वाटलं, बसवून होऊ दे. नवीन डबा कधीही चांगलाच.

उद्या सांगेन.

२९ डिसेंबर

नवीन डबा बसला. खरखर तशीच.

चनबसप्पाने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, शेजारच्या कारखान्याचं वेल्डिंग असेल. रविवार होता, कारखाना बंद होता. मी म्हटलं, मोबाइलचा टॉवर. तो बाहेर जाऊन टॉवरकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. टॅब्लेटची काच पुसली.

नवा बेत: सांगायची गरजच नाही. चार्जर गुपचूप काढून टाकायचं, खरखर जाईल, सगळे खूश. सत्य आपोआप साधलं जाईल. फक्त चार्जर पॅनेलच्या मागे आहे आणि पॅनेल मी स्क्रूऐवजी रिवेटने बसवलंय. फिनिशिंगसाठी. रिवेट ड्रिलने फोडावे लागतील आणि ड्रिल चनबसप्पाचं आहे.

२ जानेवारी

नवीन वर्ष. संकल्प: (१) खरं बोलणे. (२) चालणे. भजीबद्दल काही लिहीत नाही.

७ जानेवारी

चनबसप्पा टायर आणायला गेला होता तेव्हा एकटाच शेडमध्ये गेलो. पॅनेलच्या खालून हात घालून चार्जरभोवती स्वयंपाकघरातला फॉइल गुंडाळायचा प्रयत्न केला. रुपालीचा पोळ्यांचा रोल. तत्त्वतः बरोबर: धातूचं आवरण घातलं की लहरी बाहेर पडत नाहीत. फॉइल कुठेतरी टेकला. चर्र झालं, धूर आला, सगळं पॅनेल बंद.

चनबसप्पा परत आला. मी म्हटलं, फ्यूज गेलाय, इंजिनाच्या हादऱ्याने ढिला झाला असणार. तो म्हणाला, इंजिन तर बंद हुतं. मी म्हटलं, आधीच्या हादऱ्याने.

त्याने फ्यूज बदलला. मग जाऊन इंजिनाचे रबरी पाय तपासत बसला. मला म्हणाला, लई त्रास देतंय रं माझं इंजिन तुला.

रात्री जेवण गेलं नाही. रुपालीने विचारलं काय झालं. पित्त म्हटलं. तिने फॉइल कुठे गेला तेही विचारलं.

१३ जानेवारी

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा. चनबसप्पा सहकुटुंब भेटला. आकाशपाळण्याकडे बघून म्हणाला, ह्येच्या लायटिंगनं तर व्हत नसंल खरखर? मला आधी हसू आलं. एवढा मोठा माणूस; ट्रकची चासी एका दिवसात सरळ करतो. आणि मी सांगितलं म्हणून पाळण्याच्या दिव्यांवर संशय घेत उभा.

सांगणारच होतो. पण त्याची बायको म्हणाली, भावजी, तुमच्यामुळं ह्यांचं विमान व्हतंय, न्हायतर ह्यांना काय कळतंय त्यातलं. असं कोणी म्हटल्यावर लगेच सांगणं बरं दिसत नाही.

२६ जानेवारी, रविवार

कॉलेजात झेंडावंदन. दुपारी माळावर.

नीट लिहायला हवं.

चनबसप्पा म्हणाला, खरखर तर खरखर, आज पळवतोच, कागद आल्यावर हात बसलेला पायजे. मी या वेळी ठाम राहिलो नाही. गेल्या वेळी ठाम राहिल्याचं अजून टोचतंय. ठरलं की मी मधे बाभळीजवळ उभा राहायचं, काही असलं तर वॉकीटॉकीवर सांगायचं.

पहिली फेरी सुरेख. शेपूट उचललं. अंगावर काटा आला.

दुसऱ्या फेरीत माळाच्या टोकाला बांधामागून मेंढरं वर आली. धुळा, आमच्या ओळखीचा मेंढपाळ, दुसऱ्या बाजूला बघत चालला होता. विमानाचं नाक वर, चनबसप्पाला समोरचं दिसत नाही. मी बटण दाबून ओरडलो: थांब, चनबसप्पा थांब, मेंढरं! त्याच्या कानात खर्रर्र. नंतर म्हणाला, तुझा आवाज हाय येवढं कळलं, काय म्हंतोस त्ये कळलं न्हाय. मला वाटलं तू शाबास म्हंतोयस.

शेवटी मीच हात हलवत समोर पळालो. त्याने मला बघून वळवलं. मेंढरं वाचली, मी वाचलो, डाव्या पंखाचं टोक बाभळीत घुसलं. पाइप वाकला, कापड फाटलं. चनबसप्पाचं कपाळ समोर आपटलं. टॅब्लेटवर. टॅब्लेटला काही झालं नाही.

धुळा काठी घेऊन धावत आला. तुमाला दिसत न्हाय का वो? येक कोकरू जरी गेलं आसतं तर? लेकरासारखी हायती माजी!

चनबसप्पा कपाळाचं रक्त पुसत खाली उतरला आणि त्याला हात जोडले. म्हणाला, चूक माझी हाय, माझ्या इंजिनानं गुरुराजचं बोलणं मला ऐकू यीना. ह्यो बिचारा लई वरडला.

बिचारा.

२७ जानेवारी

कपाळाला टाके. पेढे घेऊन गेलो. सांगायला तोंड उघडलं, त्याने त्यात पेढा घातला.

२ फेब्रुवारी

चनबसप्पाने पंखाचा पाइप सरळ केला. कापड अजून लावलेलं नाही. म्हणाला, न्हाय लावत.

म्हणाला, बास झालं. आप्पा म्हणालं ते खरं हाय, एंजिन मला जमत न्हाय. उद्या कोणाचा जीव जाईल. वैरागच्या जोतिराम नावाच्या बागायतदाराला इंजिन हवं आहे, द्राक्षावर औषध मारायच्या पंख्याला बसवायला. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येणार.

विमानाचं इंजिन द्राक्षाला!

मी खूप समजावलं. असं कच खाऊ नकोस म्हटलं. जिद्द लागते म्हटलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, तुझं काम सगळं बरोबर झालंय गुर्‍या, तुझं नुकसान केलं मी. माफ कर.

माफ कर म्हणाला. मला.

घरी येऊन रुपालीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. तिने भाजी ढवळणं थांबवलं नाही. म्हणाली, मला काय सांगताय? तिकडं सांगा. मी म्हटलं, योग्य वेळ बघतोय. ती म्हणाली, टेम्पो गेल्यावर येईल का योग्य वेळ?

८ फेब्रुवारी

उद्या सांगायचं. टेम्पो यायच्या आधी. आरशासमोर सराव केला. "खरखरीची अनेक कारणं असू शकतात आणि त्यांत माझ्याही बाजूचा एक घटक," इथपर्यंत चांगलं जमतं.

९ फेब्रुवारी, रविवार

टेम्पो लवकर आला होता. मी पोचलो तेव्हा इंजिन सुटून टेम्पोत चढलं होतं, खाली पोती, वर दोर. विमानाचं नाक रिकामं. पुढून बघितलं तर तोंड पडलेल्या माणसासारखं दिसत होतं.

मी सांगणार होतो. शप्पथ. चनबसप्पाला बाजूला बोलवणारच होतो. तेवढ्यात जोतिरामने कॉकपिटमध्ये डोकावून विचारलं, आन् ह्ये काय म्हणायचं? टीव्ही का?

मी म्हटलं, बसा, दाखवतो.

आता लिहिताना कळतंय. तेव्हा कळलं नाही. त्याला शेजारी बसवलं, बॅटरीचं बटण दाबलं, पॅनेल लावलं. निळी पट्टी उजळली, नकाशा आला, दोन्ही स्क्रीन लागले. जोतिराम आ वासून बघत होता. मी उंचीचा आकडा दाखवत होतो.

चनबसप्पाच्या कमरेला वॉकीटॉकी होती. सवयीने लावलेली असते.

खर्रर्र.

शेडमध्ये सगळे थांबले. दोर आवळणारा ड्रायव्हरसुद्धा. चनबसप्पाने कमरेकडे बघितलं, मग टेम्पोतल्या इंजिनाकडे, मग माझ्याकडे. जोतिराम सहज म्हणाला, कसला वो आवाज? इंजिन तर तितं हाय की.

चनबसप्पा जवळ आला. वाकून त्याने पॅनेल बंद केलं. खरखर थांबली. चालू केलं. आली. बंद केलं. हे त्याने शांतपणे परत परत केलं. त्याच्या तळहातावरचा भाजल्याचा डाग माझ्या नाकासमोर येत-जात होता.

किती दिवस ठावं हाय तुला? त्याने विचारलं.

अनेक घटक, असं काहीतरी म्हणायला गेलो. मग म्हटलं, आप्पा येऊन गेले त्याच आठवड्यापासून.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. जोतिरामला म्हणाला, मालक, माफ करा, इंजिन द्यायचं न्हाय. च्या घेऊन जावा. आणि स्वतःच टेम्पोत चढून दोर सोडायला लागला. मी हात लावायला गेलो तर म्हणाला, र्‍हाऊ दे.

१० फेब्रुवारी

फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

१२ फेब्रुवारी

फोन उचलला नाही. रेंज नसेल. तिकडे टॉवरचा प्रॉब्लेम आहेच.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेडवर गेलो. माझं पॅनेल बाकड्यावर पडलेलं होतं, रिवेट फोडलेले. टॅब्लेट, स्क्रीन, कॅमेरा, पट्टीची गुंडाळी, सगळं एका खोक्यात नीट भरून वर माझं नाव. कॉकपिटमध्ये प्लायवूडच्या फळीवर तीन घड्याळं.

चनबसप्पा पंखाला कापड चिकटवत होता. मी म्हटलं, मदत करू? त्याने ब्रश थांबवला नाही. म्हणाला, ईरप्पांना जाऊन सांगितलं, एंजिन माझं बरोबर हुतं. ते म्हणालं, मला म्हाईतच हुतं. खोटं बोलत हुतं, पण बोललं.

वडिलांना तो ईरप्पा म्हणाला. माझ्यासमोर नेहमी आप्पा म्हणायचा. परक्यासमोर म्हणतात तसं म्हणाला.

खोका घेऊन घरी आलो. रुपालीने कुठे ठेवायचा विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल त्याचा निरोप आला, तोही त्याच्या बायकोकरवी: उद्या माळावर पळवायचंय, बाभळीजवळ माणूस लागतोय. इतर कोणाकडे वॉकीटॉकीचं लायसन नाही. म्हणजे मीच हवा होतो. असं सकाळी वाटत होतं.

त्याने मला वॉकीटॉकी दिली, जागा दाखवली. बाकी काही नाही. कपाळावरची खूण अजून लाल आहे.

इंजिन लागलं. विमान धुरळा उडवत गेलं, टोकाला वळलं, परत आलं. दुसऱ्या फेरीला शेपूट वर, चाकं हलकी झालेली दिसत होती. धुळाने मेंढरं बांधापलीकडे धरून ठेवली होती. माळ रिकामा आहे, मी म्हटलं. त्याने लगेच सांगितलं, ऐकू आलं. इतकं स्वच्छ, जणू शेजारी उभा आहे. श्वास घेतलेलासुद्धा कळत होता.

तिसऱ्या फेरीनंतर तो टोकाला थांबला. इंजिन मंद चालू. लांबून नुसतं त्याचं डोकं दिसत होतं.

मी बटण दाबलं. म्हटलं, चन्नू, चूक झाली माझी. मोठी चूक झाली. तुझा हात, तुझं कपाळ, आप्पा, सगळं माझ्यामुळे. पुढेही बोलायचं होतं, पण बटण सुटलं.

वॉकीटॉकी शांत. पूर्वी अशा वेळी खरखर असायची, त्यात माणसाला वाटू शकायचं की पलीकडचा काहीतरी बोलतोय. आता काही नव्हतं. तो बोलत नव्हता, एवढंच स्वच्छ ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने आवाज आला. ऐकलं, म्हणाला. बाजूला व्हय, मशीन वळवायचंय.

मी बाजूला झालो.